इंग्रजी स्लँग: शब्द कोणाच्या तोंडून येतो आणि तोंड बदललं की त्याचं काय होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजी मालिकांचे मराठी सबटायटल करताना 'रिझ', 'सस', 'वोक', 'नो कॅप' असले शब्द सारखे समोर येतात. ते येतात कुठून, त्यांचे अर्थ इतक्या लवकर का बदलतात, आणि यातला कुठला टिकणार हे ओळखायचं कसं?

स्लँगचं पहिलं काम अर्थ सांगणं नसतं. बोलणारा कोणाच्या गोटातला आहे हे सांगणं, हे ते काम. तुरुंगातले कैदी, छावणीतले शिपाई, नाटकवाले, शाळेच्या मागच्या बाकावरची पोरं, सगळ्यांना बाहेरच्यांपासून थोडं वेगळं बोलायचं असतं. म्हणून असा शब्द समोर आला की "याचा अर्थ काय" याच्याआधी "आत्ता हा कोण बोलतंय आणि याच्याआधी कोण बोलायचं" हे विचारायचं. तोंड बदललं की अर्थ हलतो. जवळजवळ प्रत्येक उदाहरणात हेच दिसतं, आणि त्यातलं एक उदाहरण नाशिकजवळचंच आहे.

ब्रिटनमध्ये कोणी जरासं चक्रम वागायला लागलं की 'ही हॅज गॉन डूलॅली' म्हणतात. डूलॅली म्हणजे आपली देवळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे ब्रिटिश सैन्याची संक्रमण छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे जमायचे आणि मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत बसायचे. ही जहाजं फक्त हिवाळी हंगामात सुटायची. हंगाम हुकला तर पुढचे कित्येक महिने उन्हात, बिनकामाचं. कवायत नाही, लढाई नाही, दारू मात्र आहे. त्यातून जे व्हायचं त्याला शिपाई 'डूलॅली टॅप' म्हणायला लागले. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. आपण 'डोक्याला ताप' म्हणतो त्याच्या अगदी जवळचा.

आता या शब्दाचं काय काय झालं ते बघा, कारण स्लँगच्या आयुष्यातले बहुतेक टप्पे यात सापडतात. 'ळ' इंग्रजांच्या जिभेला जमेना, म्हणून उच्चार बदलला. गावाचं नाव आजाराचं नाव झालं. मग 'टॅप' गळून पडला, कारण ब्रिटनमधल्या ऐकणाऱ्याला त्यातला ताप कळतच नव्हता आणि नुसत्या 'डूलॅली'वर भागत होतं. उरलेला शब्द नामाचा विशेषण झाला. पहिल्या महायुद्धात लाखो साधी माणसं सैन्यात गेली आणि जुन्या शिपायांची बोली शिकून घरी परतली. 1925 साली ब्रिटनमध्ये सैनिकी शब्दांचा कोश निघाला तेव्हा त्यात हा शब्द होता. पुढे त्यातली धारही गेली. मूळचा अर्थ खरोखर वेड लागणं. आज आजी चष्मा फ्रीजमध्ये ठेवून विसरली तरी नातू हाच शब्द वापरतो, तोही लाडाने. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे एका गावाचं नाव आहे याचा पत्ताही नसतो. (2009 साली पुण्यात सुरू झालेल्या एका बिअर ब्रुअरीनेही डूलॅली हेच नाव घेतलं. म्हणजे शब्द फिरून जवळपास घरी आला, फक्त इंग्रजी उच्चार घेऊन.)

त्याच सैन्याच्या वाटेने 'विलायती'चं 'ब्लायटी' झालं. महायुद्धाच्या खंदकात 'अ ब्लायटी वन' म्हणजे जीव जाणार नाही पण घरी पाठवावं लागेल इतपत बरी जखम. 'कुशी' म्हणजे आरामाची नोकरी, हा खुशीतून आला. 'पक्का', 'देखो'वरून 'डेको', चिठ्ठीवरून 'चिट' हेही याच रांगेतले. या वाटेची दुसरी फेरी स्थलांतरितांनी केली. ब्रिटिश आशियाई घरांतला 'चड्डीज' बीबीसीच्या एका विनोदी मालिकेतून 1990च्या दशकात सगळ्या ब्रिटनला माहीत झाला आणि 2019 मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत नोंदला गेला.

सैन्यासारख्या वाटा आणखी बऱ्याच आहेत. रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांच्या, भाषेतून 'पॅल' (दोस्त) आला, मूळ 'फ्राल' म्हणजे भाऊ, म्हणजे संस्कृत भ्रात्याचा दूरचा चुलतभाऊ. लंडनच्या यमकी बोलीतून 'यूज युअर लोफ' आला: 'लोफ ऑफ ब्रेड' हे 'हेड'शी जुळतं, म्हणून डोक्याला लोफ. जुळणारा 'ब्रेड' गाळायचा आणि न जुळणारा 'लोफ' ठेवायचा. बाहेरच्याला कळू नये याची सोय त्यातच आहे. आजच्या लंडनच्या पोरांच्या तोंडात जमैकन बोलीतून आलेले शब्द आहेत: 'वॅगवान' म्हणजे काय चाललंय, 'मॅनडेम' म्हणजे आपली पोरं.

पण गेल्या शंभर वर्षांत सगळ्यात मोठी टाकसाळ कुठली, तर कृष्णवर्णीय अमेरिकनांची इंग्रजी. 'कूल', 'हिप', 'बॅड' म्हणजे चांगला, 'वोक', 'नो कॅप' (खोटं नाही), सगळं तिथलं. 'शेड' (आडून मारलेला टोमणा), 'टी' (आतली खबर) आणि आज ज्या अर्थाने बोलतात तो 'स्ले' न्यूयॉर्कच्या बॉलरूम मंडळींमधून, म्हणजे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्स लोकांच्या स्पर्धांमधून आले. आज त्यांना सरसकट 'जेन-झी स्लँग' असं लेबल लावतात. हे लेबल चुकीचं आहे, आणि भाषांतरकाराला ते महागात पडतं. 1990च्या न्यूयॉर्कवरच्या माहितीपटात 'शेड' ऐकू आला तर ती त्या काळातली चूक वाटून बदलू नका. तिथे तो अस्सल आहे.

शब्द घडतो कसा, हे बघायला 'रिझ' चांगला आहे. 2023 चा ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द. समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी, असा अर्थ. तो 'करिझ्मा'मधून निघाला, पण मधूनच. इंग्रजीत शब्द तोडायचे तर बहुधा शेपूट कापतात: लॅबोरेटरीचं लॅब, एक्झॅमिनेशनचं एक्झॅम. कधी डोकं कापतात: ऑम्निबसचं बस, टेलिफोनचं फोन. दोन्ही बाजू कापून मधला तुकडा ठेवणं तसं दुर्मीळ. 'इन्फ्लुएन्झा'चं 'फ्लू' आणि 'रेफ्रिजरेटर'चं 'फ्रिज' ही नेहमीची उदाहरणं. 'फ्रिज' आणि 'रिझ'मध्ये ठेवलेला तुकडा आघाताचा, म्हणजे उच्चारताना जोर पडतो तो आहे, कारण कानावर तोच ठसतो. मग स्पेलिंग दुरुस्त करावं लागतं. 'फ्रिज'मध्ये 'डी' घुसवला नाही तर तो शब्द भलताच वाचला जातो, आणि करिझ्मातल्या 'एस'चा 'झेड' केला नाही, तोही डबल, तर 'रिझ' कोणी 'रिस' वाचेल.

नंतर व्याकरण त्याला हातपाय देतं. 'रिझ' नाम होतं, त्यातून 'टु रिझ अप' क्रियापद आलं, मग 'रिझलर' हा माणूस. शब्द जिवंत आहे का, हे तपासायची माझी पहिली कसोटी हीच आहे: त्याला पिल्लं झाली का? नुसता एका ठरलेल्या वाक्यात अडकलेला शब्द त्या वाक्याबरोबर जातो. आणि स्लँगला नियम नसतात असं कोणी म्हणालं तर त्याला 'ॲब्सोलूटली'मध्ये 'ब्लडी' घालून दाखवायला सांगा. इंग्रज माणूस 'ॲब्सो-ब्लडी-लूटली' म्हणेल. 'ॲब-ब्लडी-सोलूटली' असं कधीच म्हणणार नाही. शिवी आघाताच्या अवयवाच्या (सिलेबलच्या) लगेच आधी बसते. हा नियम कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, तरी तो सहसा मोडत नाही.

अर्थ कसे फिरतात यासाठी 'वोक' एवढा स्वच्छ नमुना दुसरा नाही. 1938 मध्ये लोकगायक लेड बेलीने अलाबामातल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवरच्या खोट्या खटल्यावर गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि शेवटी बोलून सांगितलं: तिकडून जाताना 'स्टे वोक'. म्हणजे सावध राहा, जिवाला धोका आहे. 1962 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये विल्यम मेल्विन केली यांनी लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच हा शब्द होता. गंमत अशी की लेखाचा विषयच हा होता की गोरे लोक कृष्णवर्णीयांचे शब्द उचलतात आणि मग ज्यांचे होते ते सोडून देतात. 2008 मध्ये गायिका एरिका बडूच्या गाण्याने तो पुन्हा कानावर आला, 2014 मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहरात पोलिसांच्या गोळीने कृष्णवर्णीय तरुण मेल्यावर झालेल्या आंदोलनानंतर ट्विटरवर पसरला, 2017 मध्ये ऑक्सफर्डने नोंदवला. तेव्हाचा अर्थ: अन्यायाबाबत जागरूक. पण तोपर्यंत तो गोऱ्या उदारमतवाद्यांच्या तोंडात गेला होता, आणि तिथून त्यांच्या विरोधकांनी तो चिडवायला उचलला. पाच-सहा वर्षांत 'वोक' म्हणजे पुरोगामीपणाचं प्रदर्शन करणारा, असं झालं. 'वोकरी', 'वोकिझम' ही पिल्लं बहुतेक विरोधकांच्या घरात जन्मली. आज स्वतःला सरळपणे 'मी वोक आहे' म्हणणारा क्वचित भेटतो.

म्हणून या शब्दाला मराठी प्रतिशब्द एकच ठरवून ठेवणं शक्य नाही. 1960च्या काळातल्या पात्राच्या तोंडी "डोळे उघडे ठेव" हवं. 2015 च्या कॉलेजातल्या मुलीच्या तोंडी "जागरूक" चालेल. 2023 च्या टीव्हीवरच्या पुढाऱ्याच्या तोंडी "या पुरोगाम्यांची थेरं" असं काहीतरी लागेल.

उलट दिशेचा प्रवासही होतो. 'सिक', 'विकेड', 'बॅड' हे निंदेचे शब्द शाबासकीचे झाले. यात गोटातल्यांचा फायदा असतो: बाहेरच्याला वाटतं शिवी दिली, आतल्याला कळतं कौतुक झालं. जोरदार शब्द रोज वापरून बोथट होतात, तो तिसरा प्रकार. 'ऑसम' एकेकाळी देवाच्या दरबारात शोभायचा, आता सँडविचलाही लागतो.

आता टिकण्याबद्दल. 1710 साली लेखक जोनाथन स्विफ्टने 'टॅटलर' या नियतकालिकात लिहून नव्या तोडलेल्या शब्दांवर आग पाखडली होती. त्याच्या यादीत 'मॉब', 'पॉझ', 'फिझ' होते, आणि 'मॉब' व 'बॅन्टर' थांबवायला आपण वर्षानुवर्षं धडपडतोय असंही त्याने लिहिलं. 'मॉब' हा 'मोबिले वुल्गुस' या लॅटिन शब्दजोडीचा तुकडा, 'पॉझ' हा 'पॉझिटिव्हली'चा. आज 'मॉब' आणि 'बॅन्टर' बातमीपत्रात येतात आणि 'पॉझ' कोणाला ठाऊक नाही. फरक उघड आहे. बेभान जमावासाठी एका अवयवाचा सोयीचा शब्द इंग्रजीत नव्हता. 'नक्की' म्हणायला मात्र ढीगभर होते. ज्याच्यासाठी भाषेत जागा रिकामी आहे आणि जो आपला गोट विसरायला तयार आहे, तो राहतो.

'ओके'चंही तेच. 23 मार्च 1839 च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये तो 'ऑल करेक्ट'च्या मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची (oll korrect) आद्याक्षरं म्हणून छापला. त्या काळी तिथल्या वर्तमानपत्रांत अशा वाकड्या आद्याक्षरांची लाटच होती. बाकी सगळी मेली. 'ओके'ला पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीने हात दिला: उमेदवार मार्टिन व्हॅन ब्यूरेन किंडरहूक गावचे, म्हणून त्यांचं टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक', त्याचीही आद्याक्षरं ओके. 'सेल्फी'ला वस्तूने हात दिला. 2002 मध्ये एका ऑस्ट्रेलियनाने फुटलेल्या ओठाचा फोटो टाकताना तो लिहिला. बार्बेक्यूला 'बार्बी' म्हणणाऱ्या देशातला हा नेहमीचा 'ई' प्रत्यय. पुढची बरीच वर्षं तो पडून होता. फोनला पुढचा कॅमेरा आला आणि रोज घडणाऱ्या क्रियेला नाव लागलं. 2013 मध्ये तो ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द झाला.

आणि मरतो कसा? 'ऑन फ्लीक' बघा. जून 2014 मध्ये एका कृष्णवर्णीय तरुणीने व्हाइन या ॲपवरच्या सहा सेकंदांच्या व्हिडिओत आपल्या भुवयांचं कौतुक करताना तो वापरला. ऑक्टोबरमध्ये एका मोठ्या पॅनकेक रेस्टॉरंट साखळीने 'पॅनकेक्स ऑन फ्लीक' असं ट्विट केलं. कंपनीचा जाहिरात विभाग शब्द वापरायला लागला की पोरांसाठी तो संपलेला असतो. 'भुवया एकदम झक्कास' यासाठी भाषेत जागाही रिकामी नव्हती. दोन-तीन वर्षांत तो वापरणं म्हणजे वय उघडं पाडणं झालं. पसरण्याचा वेग आणि टिकण्याची ताकद यांचा एकमेकांशी संबंध नाही. इंटरनेटने पहिली गोष्ट बदलली आहे, दुसरी नाही.

शब्द तपासायचा कसा, ते सांगतो. आधी जोनाथन ग्रीनचा स्लँग कोश. तो ऑनलाइन मोफत आहे आणि प्रत्येक अर्थाखाली वर्षवार उदाहरणं देतो. मग ऑक्सफर्ड. तिथली पहिली तारीख ही जन्मतारीख समजू नका. तो पहिला सापडलेला लेखी पुरावा आहे. स्लँग तोंडात वर्षानुवर्षं राहून मग कागदावर येतो. जुन्या लंडनसाठी 'ओल्ड बेली' न्यायालयाच्या 1674 ते 1913 च्या कामकाजाच्या नोंदी ऑनलाइन आहेत. साक्षीदार कसे बोलायचे ते तिथे ऐकू येतं. ताज्या शब्दांसाठी 1999 पासूनची अर्बन डिक्शनरी. तिच्या व्याख्यांवर भरवसा नको, निम्म्या चावटपणाच्या असतात. पण प्रत्येक नोंदीवर तारीख असते, आणि सोनं तिथे आहे. 2006 ची नोंद सापडली तर 'टिकटॉकने जन्माला घातला' हा दावा तिथेच निकालात निघतो.

गूगल बुक्सचे आलेख जपून वापरा. पुस्तकं उशिरा छापली जातात, आणि जुन्या छपाईतला लांब 'एस' यंत्राला 'एफ' वाटतो, त्यामुळे 1800 च्या आधी काही शिव्यांची भलतीच चलती दिसते. एकाच रूपाचे दोन शब्दही मिसळतात. 'सस' ब्रिटनमध्ये 1970च्या दशकात राजकीय शब्द होता. 1824 च्या भटक्यांविषयीच्या कायद्यानुसार नुसत्या संशयावरून, बहुतेक वेळा कृष्णवर्णीय तरुणांना, पकडायचे. त्याला 'सस लॉ' म्हणायचे, आणि तो 1981 मध्ये रद्द झाला. 2020 च्या लॉकडाउनमध्ये 'अमंग अस' या गेममधून जगभर पसरला तो 'सस' मात्र खेळकर. अक्षरं तीच, पण लंडनच्या जुन्या पोलीस मालिकेत आणि आजच्या शाळकरी मालिकेत त्याचा रंग वेगळा.

आणि आद्याक्षरांची कथा ऐकली की सावध व्हा. 'पॉश' म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', मुंबईच्या बोटींवर श्रीमंतांना सावलीच्या बाजूची केबिन मिळायची, ही कथा आपल्याकडेही आवडीने सांगतात. असा शिक्का असलेलं एकही तिकीट कधी सापडलेलं नाही, आणि कथा शब्दापेक्षा नंतरची आहे. विसाव्या शतकाच्या आधी आद्याक्षरांचा असा सलग वाचायचा शब्द बनवायची पद्धत इंग्रजीत जवळजवळ नव्हतीच. 'ओके' हा अपवाद, आणि त्यातही अक्षरं सुटी सुटी वाचतात.

कोशात शब्द गेला म्हणजे तो 'शुद्ध' झाला, असंही धरू नका. मेरियम-वेब्स्टर तीन गोष्टी बघतं: वापर किती पसरलाय, किती काळ चाललाय, आणि ठाम अर्थ आहे का. ऑक्सफर्डचा जुना दंडक दहा वर्षांच्या वापराचा होता. 2013 मध्ये 'ट्वीट'साठी तो मोडला, आणि संपादकांनी तसं मोकळेपणाने सांगितलंही. तुमच्या कामाचं आहे ते शब्दापुढचं लेबल: 'स्लँग', 'इन्फॉर्मल' की काहीच नाही. लेबल काढलेला शब्द बोलण्यात न्यायाधीशही वापरेल.

सबटायटलमध्ये सगळ्यात जास्त चुका काळाच्या आणि देशाच्या होतात. 1950च्या बेसबॉल सिनेमात 'गोट' (goat, बकरी) म्हणजे ज्याच्यामुळे सामना हरला तो. आज 'गोट' म्हणजे 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम', अगदी बाप माणूस. उलटं लिहिलंत तर दृश्याचा अर्थच पालटतो. 1920च्या गोष्टीत 'लिट' म्हणजे झिंगलेला. 'पिस्ड' लंडनमध्ये प्यायलेला, न्यूयॉर्कमध्ये भडकलेला.

मराठी शब्द निवडताना इंग्रजी शब्दाच्या वयाचा, पण जास्त टिकाऊ शब्द घ्या. 'नो कॅप'ला "आईशप्पथ", 'बेट'ला "चालतंय की", 'सस'ला "काहीतरी गडबड आहे", 'स्ले'ला "कडक!". आजच्या पुण्यातल्या एका कॉलेजात चालणारा शब्द घातला तर मालिका दोन वर्षांनी शिळी होईल आणि नागपुरात आजच कळणार नाही. 'अनअलाइव्ह'सारखा शब्द आला तर तो मुळात प्लॅटफॉर्मची गाळणी चुकवायला काढलेला आहे हे लक्षात ठेवा. पात्र व्हिडिओसाठी बोलत असेल तर आडवळणाने "स्वतःचं बरंवाईट करून घेतलं", घरात बोलत असेल तर सरळ "जीव दिला".

राहिला 'सिक्स-सेव्हन', ज्याला डिक्शनरी डॉट कॉमने 2025 चा शब्द ठरवलं. तो फिलाडेल्फियाच्या एका रॅपरच्या गाण्यातून निघाला, सहा फूट सात इंच उंचीच्या बास्केटबॉलपटूच्या व्हिडिओंना चिकटला, आणि दोन्ही तळवे तराजूसारखे वरखाली करत पोरं तो ओरडतात. त्याला अर्थ नाही. मोठ्यांना कळू नये एवढंच त्याचं काम. तिथे प्रतिशब्द शोधत बसू नका. "सहा-सात!" एवढंच लिहा, बाकीचं हात दाखवतात.